जमीन घेणाऱ्याला जाब विचारा

(भाषणाचा मजकूर)



आज तुमच्यापुढे जो विषय मांडावयाचा आहे तो भूसंपादनाचा, म्हणजे सरकारने आणि महानगरपालिकेने लोकांची जागा सार्वजनिक कामासाठी घेण्याचा आहे. विषय कायद्याचा आहे. आणि कायदा हा वकिलांचा धंदा, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत आपल्या पुष्कळ घरांत अजून आहे. ही समजूत आपल्याला फार महाग पडते. मी वऱ्हाडात वकिली करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक शेवटची नोटीस हातात घेऊन येतात. त्या नोटिशीपूर्वी कागदोपत्री चार-पाच टप्पे होऊन गेलेले असतात. त्यांतील काही टप्प्यांवर त्यांना बोलण्याचा अधिकार होता. तो न वापरताच मुदत निघून गेलेली असते. ते टप्पे कोणते, आणि त्या त्या टप्प्यावर जाब कोणाला विचारावयाचा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम हा प्रश्न आपलाच का आहे ते पाहा. पूर्वी आपल्या लोकांना गावकुसाबाहेर, सखल भागात, नदी-नाल्याच्या काठी राहावे लागे. जी जागा दुसऱ्या कोणाला नको ती आपल्या वाट्याला येई. पुढे शहरे वाढली. अमरावतीला १९८३ साली महानगरपालिका झाली, अकोल्याला २००१ साली. २०१६ साली अकोल्याची हद्द वाढून भोवतालची २४ गावे शहरात आली. गाव शहरात आले म्हणजे त्याचे कूस राहत नाही. कुसाबाहेरची वस्ती एकाएकी शहराच्या रस्त्यावर येते. कालपर्यंत ज्या जागेकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्यावरून रुंद रस्ता, बाजार, वाहनतळ, उद्यान यांच्या रेषा ओढल्या जातात. ज्या जागेवर आजोबांना अपमान म्हणून राहावे लागले, तिला नातवाच्या काळात मोल आले; आणि नेमक्या त्याच वेळी ती हातातून जाण्याचा प्रसंग येतो.

आता कोणी विचारील, सरकारला आमची जागा घेण्याचा अधिकारच काय? याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. तो अधिकार सरकारला आहे. शाळा, दवाखाना, रस्ता, पाण्याची टाकी या गोष्टी कोणाच्या तरी जमिनीवरच होणार. पूज्य बाबासाहेबांनी खाजगी मालमत्तेला कधीही देव्हाऱ्यात बसविले नाही. १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच आणले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेतजमीन राज्याने ताब्यात घ्यावी आणि धारकांना कर्जरोख्यांच्या रूपाने मोबदला द्यावा, अशी योजना त्यांनी मांडली. १९५५ च्या मार्चमध्ये राज्यसभेत चौथ्या घटनादुरुस्तीवर बोलताना, मालमत्तेसंबंधीच्या ३१ व्या अनुच्छेदाची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, असे त्यांनी उघडपणे सांगितले. तेव्हा 'माझी जागा, मी देणार नाही' एवढाच आपला युक्तिवाद असू शकत नाही. आपला युक्तिवाद असा असला पाहिजे: जागा घेणार असाल तर कोणत्या सार्वजनिक कामासाठी ते सांगा, आमचे म्हणणे ऐका, कारणे लिहून द्या, आणि पुरता मोबदला द्या. जमीनदाराची जमीन घेऊन कुळाला देणारे राज्य आणि गरिबाचे घर घेऊन तेथे दुकानांचे गाळे बांधणारी नगरपालिका, ही दोन्ही एकाच अधिकाराचा उपयोग करतात. फरक असतो तो प्रयोजनात आणि पद्धतीत. आणि तो फरक दाखवून देणे हे नागरिकाचे काम आहे.

घटना याविषयी काय म्हणते? मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला गेला, आणि २० जून १९७९ पासून तो अनुच्छेद ३००-अ मध्ये आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. वाक्य लहान आहे; परंतु त्याचा पुरा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात उलगडून सांगितला. त्या पालिकेने एक खाजगी जागा ज्या कलमाखाली घेतली असे ती म्हणत होती, ते कलम कोणती जागा लागेल हे ठरविण्यापुरतेच होते. जागा घेण्याची रीत दुसऱ्या कलमात होती, आणि ती पाळलेली नव्हती. न्यायालयाने पालिकेचे अपील फेटाळले व तिच्यावर पाच लाख रुपयांचा खर्च बसविला. त्याच निकालात न्यायालयाने या हक्काची सात अंगे सांगितली. नोटीस मिळाली पाहिजे. हरकत ऐकली गेली पाहिजे. निर्णय कारणांसह असला पाहिजे. प्रयोजन सार्वजनिकच असले पाहिजे. योग्य मोबदला वा पुनर्वसन मिळाले पाहिजे. सारी कारवाई वेळेत झाली पाहिजे. आणि ती अर्धवट न राहता कायदेशीरपणे पूर्ण झाली पाहिजे. ही सात अंगे तुमच्या घरातील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून एका कागदावर लिहून घ्या. नोटीस आली की त्या कागदाशी ती ताडून पाहा. जे अंग गळालेले दिसेल तेथे तुमची हरकत आहे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या शहरांतील पुष्कळशा जागा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याच्या वाटेने घेतल्या जातात. या कायद्याखाली महानगरपालिका शहराची विकास योजना तयार करते. प्रारूप योजना प्रसिद्ध होते, रंगीत नकाशे कार्यालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवले जातात, आणि ठराविक मुदतीत लेखी हरकती व सूचना मागविल्या जातात. हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. तिच्यात पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य व बाहेरून नेमलेले जाणकार असावेत, असे कायदा सांगतो. त्यानंतर योजना शासनाच्या मंजुरीला जाते. मंजुरी मिळाली की तुमच्या घरावरचा रंग हे 'आरक्षण' होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सरळ जमीन घ्यावयाची असेल, तर प्राथमिक अधिसूचना निघते आणि तिच्यावर हरकत घेण्यास ६० दिवस मिळतात. परंतु विकास योजनेत आरक्षित झालेली जागा घेताना हा टप्पा वगळून एकदम पुढची घोषणा काढता येते. कारण, कायद्याच्या दृष्टीने तुमची हरकत विकास योजनेच्या वेळीच ऐकून झालेली असते. तुम्ही ती घेतली नसेल, नकाशा पाहिलाही नसेल, तरी कायदा असेच धरून चालतो. म्हणजे, ही जागा मुळात हवी कशाला, हा प्रश्न विचारण्याची तुमची खरी वेळ ज्या दिवशी नकाशा भिंतीवर लागतो त्या दिवशी सुरू होते आणि मुदत संपली की संपते. पुढे भांडण उरते ते बहुधा पैशाचे.

म्हणून वस्तीतील दोन तरुणांनी आणि दोन भगिनींनी तो नकाशा प्रत्यक्ष जाऊन पाहिला पाहिजे. हरकत लिहिताना केवळ 'अन्याय होत आहे' असे लिहू नये. नझूलचा शीट क्रमांक वा सर्व्हे क्रमांक लिहावा. किती घरे, किती माणसे, किती वर्षांची वस्ती हे लिहावे. त्याच कामासाठी जवळ दुसरी मोकळी जागा असेल तर ती दाखवावी, आणि ती सोडून आमचीच का निवडली याचे कारण मागावे. प्रत्येक घराचा अर्ज वेगळा द्यावा आणि प्रत्येकाची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा न दिलेल्या अर्जासारखाच समजा.

योजना मंजूर झाली तरी सारे संपत नाही. त्याच कायद्याचे कलम १२७ असे आहे की, अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर मालकाने आपल्या हक्काचे कागद जोडून पालिकेला खरेदीची नोटीस द्यावी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत २४ महिन्यांची आहे. तेवढ्यात पालिकेने जागा घेतली नाही किंवा घेण्याची पावले टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. केवळ १० वर्षे लोटल्याने ते जात नाही. नोटीस द्यावीच लागते. ज्या घरावर बांधकामाची परवानगी मिळत नाही आणि मोबदलाही मिळत नाही, अशा अधांतरी राहिलेल्या कुटुंबाने हे कलम वापरलेच पाहिजे.

या कलमाची दुसरी बाजूही तुम्हांस सांगितली पाहिजे, नाही तर माझे सांगणे अपुरे राहील. हेच कलम मोठ्या जमीनमालकालाही उपलब्ध आहे. त्याच्या जमिनीवर तुमच्या मुलांच्या खेळाच्या मैदानाचे किंवा दवाखान्याचे आरक्षण असते. तो नोटीस देतो. पालिका २४ महिने स्वस्थ बसते. आरक्षण संपते, आणि मैदानाच्या जागी इमारत उभी राहते. गरिबाच्या घरावरचा रस्ता तत्परतेने आखला गेला आणि श्रीमंताच्या शेतावरचे मैदान मुदतीत विसरले गेले, असे कोठे झाले असेल, तर तो जाब पालिकेला विचारावयाचा आहे. आपल्या प्रभागात किती आरक्षणे होती, किती घेतली गेली, किती सुटली आणि कोणाच्या मौनामुळे सुटली, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते.

रस्तारुंदीची गोष्ट थोडी निराळी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आयुक्ताला रस्त्याची नियमित रेषा ठरविता येते, आणि त्या रेषेत येणारा बांधकामाचा भाग काढून ती जागा रस्त्यात घेता येते. पण त्याच कायद्यात त्याबद्दल भरपाईचीही तरतूद आहे. 'रस्त्यासाठी जागा घेतली तर पैसे मिळत नसतात' असे कोणी सांगेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तसेच पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, ज्याला सारेजण टीडीआर म्हणतात, तो देऊ केला जाईल. बांधकाम व्यावसायिकाला तो उपयोगी असेल. दोन खोल्यांच्या घरवाल्याला तो विकण्यासाठी गिऱ्हाईक शोधावे लागते. तो तुमच्या संमतीनेच द्यावयाचा असतो. म्हणून छापील संमतीपत्रावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी ते दुसऱ्याकडून वाचून घ्या.

मोबदल्याचा हिशेबही समजून घ्या. समजा, शहरातील एका जागेची बाजारभावाने किंमत ८ लाख रुपये ठरली आणि तिच्यावरील घराची ४ लाख. एकूण १२ लाख झाले. २०१३ च्या कायद्याप्रमाणे यावर शंभर टक्के, म्हणजे आणखी १२ लाख, दिलासा रक्कम मिळते. बेरीज २४ लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, बाजारभावाच्या किमतीवर दरसाल १२ टक्के. निवाडा कमी वाटला तर रक्कम निषेध नोंदवून स्वीकारावी आणि वाढीसाठी संदर्भ अर्ज करावा. निवाड्याच्या वेळी हजर असल्यास त्याची मुदत ६ आठवड्यांचीच आहे.

येथे नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपण धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातीचे आपले कायदेशीर स्थान गेले, असे काही लोक समजतात आणि दाखले काढावयाचे सोडून देतात. १९९० च्या कायद्याने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झालेला आहे. भूसंपादनात याचे महत्त्व आहे. अनुसूचित जातीच्या कुटुंबाची जमीन घेतल्यास मोबदल्याचा निदान एक तृतीयांश भाग आरंभीच पहिला हप्ता म्हणून द्यावा, असे २०१३ च्या कायद्याचे कलम ४१ सांगते. वरच्या उदाहरणात ते ८ लाख रुपये होतात. घर सोडण्यापूर्वी हातात ८ लाख असणे आणि काहीच नसणे यांत किती अंतर आहे, हे ज्याला भाड्याची खोली शोधावी लागली आहे त्याला विचारा.

ज्यांच्या नावाने जागा नाही त्यांनी काय करावे? सरळ २०१३ च्या कायद्याने संपादन होत असेल, तर शहरात त्या जागेवर ३ वर्षे किंवा अधिक काळ राहणारे कुटुंब हे मालक नसले तरी 'बाधित कुटुंब' ठरू शकते. नझूलच्या भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यांनी पट्ट्याचे नूतनीकरण व वारसाची नोंद थकवू नये. आणि बांधकाम अनधिकृत आहे असे म्हणून पाडावयाचे असेल, तर १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. हा निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी भूषण गवई हे अमरावतीचे. त्यांनी आपल्या वकिलीच्या काळात अमरावती महानगरपालिकेचेही काम पाहिले, आणि २०२५ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या निकालाप्रमाणे निदान १५ दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने दिली पाहिजे व बांधकामावर चिकटविली पाहिजे. सुनावणी झाली पाहिजे. अंतिम आदेशानंतर पुन्हा १५ दिवस दिले पाहिजेत. आणि नियम मोडून घर पाडणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी येते. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण लागू नाही, हेही त्या निकालात आहे. खोटी आशा धरू नये म्हणून तेही सांगतो.

विहाराचेही तसेच आहे. लेआउटमधील खुली जागा रिकामी दिसते म्हणून तेथे विहार बांधण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. सार्वजनिक जागेवर अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ पासून आहे, आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. दुसऱ्याला कायदा विचारणाऱ्याने स्वतःचे कागद आधी स्वच्छ ठेवले पाहिजेत. संस्था नोंदवा, जागा रीतसर मागा, आणि मगच वीट ठेवा.

आता जाब कोणाला विचारावयाचा? ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असा नियम तिने घातला. प्रत्यक्षात काय झाले? मार्च २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिकांच्या सभागृहांची मुदत संपली, आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची होती. सभागृहापुढे प्रस्ताव आणणारा अधिकारी आणि सभागृहाच्या वतीने तो मंजूर करणारा अधिकारी एकच होता. माणूस कितीही सचोटीचा असो, स्वतःच्या प्रस्तावाला तो स्वतः अडचणीचा प्रश्न कसा विचारणार? म्हणून आज जे नगरसेवक निवडून आले आहेत त्यांच्याकडे केवळ नळ आणि नालीसाठी जाऊ नका. या चार वर्षांत आपल्या प्रभागातील जागांविषयी कोणते ठराव झाले, कोणत्या जागा कोणाला भाडेपट्ट्याने दिल्या, खरेदीच्या किती नोटिसा आल्या आणि त्यांचे काय झाले, याची यादी सभागृहात मागावयास त्यांना सांगा. त्यांनी ती मागितली की नाही, हे पुढच्या मतदानाच्या वेळी लक्षात ठेवा.

१ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोक मोठ्या संख्येने एकत्र आले, आणि शासनाला ते काम थांबवावे लागले, हे तुम्हांस माहीत आहे. त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. लोकांना न विचारता केलेली सुधारणा, ती त्यांच्या नावाने केलेली असली तरी, लोक मान्य करीत नाहीत. आणि दुसरी अशी की, दीक्षाभूमीसाठी हजारो लोक धावून येतात. नाल्याकाठच्या तुमच्या दोन खोल्यांसाठी कोणी येणार नाही. तेथे तुमची लेखी हरकत आणि तिची पोच हाच तुमचा जनसमुदाय आहे.

शेवटी करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. आखीव पत्रिका, करपावत्या, वीजदेयके, पट्टा, जातीचा दाखला, वारसाची नोंद हे सारे एका पेटीत ठेवा, आणि घराच्या कागदावर पत्नीचेही नाव लावा. वकिलाची फी देण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात त्याची व्यवस्था आहे. आणि महानगरपालिकेच्या जाहीर सूचना वर्तमानपत्रात वाचण्याचे काम वस्तीतील एकाने अंगावर घ्या. त्याने त्या दर आठवड्याला विहारात मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

शहर सुधारू नये असे आपण म्हणत नाही. रुंद रस्त्याने आपलीही मुले शाळेत जातील. आपले म्हणणे एवढेच आहे की, ज्याच्या घरावरून तो रस्ता जाणार आहे त्याला आधी विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर लिहून घेतले पाहिजे. ते विचारावयास कोणी आले नाही, तर आपण होऊन त्या कार्यालयात जा, नकाशा मागा, आणि आपले उत्तर लिहून देऊन या.

जय भीम.